ओला ताणा

"काहीच करत नाहीत ते, डॉक्टर. पाण्याचा पेलासुद्धा मी हातात नेऊन देते," अरुंधती थोड्या अभिमानानंच म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सहा महिने नुसतं बसवून ठेवलंत?"

"हार्टचा झटका होता ना..."

शेजारच्या खुर्चीत तिचे सासरे, बाबनराव, कुणीतरी आपली बाजू घेतल्यासारखे हसले. "सांगा जी तिले. मागावर विणाले बसू देत नाही. मागाखाली पाय सोडाले खड्डा होता, तोही बुजवून टाकला, वरतून फरशी. काहून, तर लेकरू पडीन म्हणे त्यात."

लेकरू मांडीवर होतं, दीड वर्षाचं. पण खड्डा त्याच्यासाठी बुजवला नव्हता. दुपारी तिचा डोळा लागला की सासरे हळूच खड्ड्यात उतरून मागाच्या पावड्यांवर, पायानं दाबायच्या फळ्यांवर, पाय ठेवायचे, आणि धोट्याच्या खटखटीनं ती दचकून उठायची. नवरा, केशव, काटोलला नोकरीला. शनिवारी येणार, सोमवारी जाणार. जाताना दर वेळी एकच वाक्य, "बाबाले सांभाळजो." तिनं सांभाळलं होतं. बी.एस्सी.ला झूऑलॉजी होतं. हृदयाचा मेलेला स्नायू परत उगवत नाही, एवढं तिला पक्कं आठवत होतं. उरलेला वापरला नाही तर टिकेल, अशी तिनं आपली समजूत करून घेतली होती.

"मायटोकॉन्ड्रिया आठवतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"पेशीतलं वीजघर."

"रोज थोडं चाललं की स्नायूंमध्ये ती वीजघरं वाढतात. इंधन जळताना जे अपायकारक कण सुटतात, त्यांना निकामी करणारी एन्झाइम्सही वाढतात. मग तेवढंच काम हृदय कमी ठोक्यांत निभावतं. बसून राहिलं की हे सगळं ओसरतं. पूर्वी आम्हीही पेशंटला झोपवून ठेवायचो. आता संशोधन वेगळं सांगतंय. जन्मभर पावड्या मारल्या, म्हणूनच कदाचित यांनी झटका पचवला."

अरुंधतीनं मांडीवरचं लेकरू उचलून खांद्याशी घेतलं.

"रोज वीस मिनिटं चालवा," डॉक्टर म्हणाले. "बेतानं. चालताना बोलता आलं पाहिजे. दम लागला की तिथंच थांबायचं."

रामदासपेठेतल्या दवाखान्यातून घरी येईपर्यंत रिक्षात तिच्या मनात एकच घोळत राहिलं. सहा महिने आपण काय जपत होतो?

चालायला मात्र बाबनराव तयार होईनात. "बिनाकामाचं चालू? हातात काही नाही, कुठी जायाचं नाही, अन् चालून राहिला माणूस. लोकं म्हणतीन, बाबन्या पिसाटला."

तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी ती दोन घरं पलीकडे देवाजींकडे गेली. त्यांचा माग अजून चालू होता. गल्लीभर लुगड्याच्या उभ्या धाग्यांचा ताणा पसरायचा, त्याला पेजेसारखी खळ लावायची, आणि ब्रशासारखा रुंद कुंचा फिरवत या टोकाहून त्या टोकाला चालायचं, ही त्यांची पांजणी ती दारातून बघत आली होती. चालण्याचंच तर काम!

"काकाजी, मामाजींना बोलवा ना पांजणीला. पण मी सांगितलं म्हणू नका." सासऱ्यांना ती मामाजीच म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आलीच. "बाबनराव, येता का गा? मले एकट्याले ताणा आवरून नाही राहिला."

बाबनरावांनी टोपी घातली. "पाह्य वं, लोकाले गरज आहे आपली."

ती लेकरू घेऊन दारात उभी राहिली, एक डोळा आतल्या घड्याळावर. पहिली दहा मिनिटं सासऱ्यांचं तोंड सुरूच होतं. "देवाजी, हे खळ आहे का वहिनीची कालची कढी?" देवाजींची बायको कांताबाई ओट्यावरून ओरडली, "कढीले नावं ठेवता, अन् चार वाट्या पेता!" अरुंधतीला कितीतरी दिवसांनी हसू आलं.

वीस मिनिटं झाली. "मामाजी, बस आता."

"हो वं."

कुंचा फिरतच राहिला. पंचवीस. बोलणं थांबलं होतं. अठ्ठावीस. मान खाली, सदरा पाठीला चिकटलेला.

"मामाजी, काहीतरी बोला!" ती ओरडली.

ते थांबले नाहीत. "ताणा... ओला आहे."

आणि तिला कळलं. खळ वाळायच्या आत कुंचा फिरला नाही तर धागे एकमेकांना चिकटतात. देवाजींची महिन्याभराची लुगडी त्या ताण्यात होती. विणकर ओला ताणा सोडून जात नाही. छातीत कळ आली तरी जात नाही. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. तिनं सासऱ्यांना अर्ध्यावर थांबताच येणार नाही, अशा एकमेव चालण्याला धाडलं होतं.

लेकरू कांताबाईंच्या मांडीत टाकून तिनं पदर खोचला आणि कुंचा धरला. "द्या इकडे."

"तुले नाही येत वं."

"शिकवा."

कुंच्यावर क्षणभर दोघांचे हात होते. मग त्यांनी सोडला आणि ते ओट्यावर टेकले. चेहरा खळीसारखा पांढरा. देवाजी आपला कुंचा न थांबवता दुसऱ्या टोकाहून बोलले, "चाल पोरी, थांबू नको." ती चालली. जाताना पाठ ओट्याकडे, येताना तोंड. जातानाचा प्रत्येक फेरा तिला गावाएवढा लांब वाटला.

ऊन गल्लीत उतरलं तेव्हा ताणा कोरडा झाला होता. तिचे खांदे भरून आले होते, हात कोपरापर्यंत चिकट. वळून बघते तर बाबनराव उठलेले. चेहऱ्यावर रंग परतला होता. ताण्याच्या कडेनं ते एकेक पाऊल टाकत येत होते, मध्येच थांबत, वाकत. तिचा हात जिथं जिथं जड पडला होता, तिथं तिथं धागे तुटले होते. दोन टोकं जुळवायची, चिमटीत पीळ द्यायचा, आणि पुढे सरकायचं.

थांबा म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि मग, न म्हणताच, ती ताण्याच्या पलीकडच्या कडेनं त्यांच्या पावलाबरोबर पाऊल टाकत चालू लागली.