आधी नंबर घ्या

आमच्या हिला सगळा वॉर्ड 'नंबरवाल्या बाई' म्हणतो. मी सुतार. लग्न झालं तेव्हा ती 'सुताराची बायको' होती. आता पंचवीस वर्षं मी 'बाईंचा नवरा' आहे. टेबल न्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा जाताना माझ्या हातात तिच्यासाठी एखादा अर्ज कोंबून जातं. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस तिला, आणि धूर माझ्या डोळ्यांत.

हे सुरू झालं ते एका नखुरड्यावरून. नगरपालिकेच्या दवाखान्यात तेव्हा चिठ्ठ्या चालत. याची चिठ्ठी, त्याच्या मेव्हण्याची चिठ्ठी. आमची मुलगी तीन वर्षांची होती, तापाने फणफणलेली, आणि तिला कडेवर घेऊन ही सकाळी सातपासून रांगेत उभी. तेवढ्यात बोटाला नखुरडं झालेलं एक वशिल्याचं तट्टू आलं आणि चिठ्ठी दाखवून थेट आत गेलं. त्याच्यामागून दुसरं गेलं. मुलीला तिथेच, रांगेत, आकडी आली. मुलगी वाचली, आज तिला स्वतःची दोन पोरं आहेत. पण तिची आई त्या दिवशी जी भडकली ती थेट निवडणुकीलाच उभी राहिली.

निवडून आल्यावर तिने पहिलं काम केलं ते चिठ्ठ्या बंद करण्याचं. जो आधी येईल त्याचा नंबर आधी, मग तो नगराध्यक्ष असो नाहीतर झाडूवाला. नंबरांचे बिल्ले मी उरलेल्या प्लायवूडचे कापून दिले. पुढे तिने भांडून दुसरा डॉक्टर आणला, संध्याकाळची ओपीडी सुरू करायला लावली, दोन वर्षं खोक्यात पडून असलेलं एक्स-रेचं मशीन बसवून घेतलं. बाळंतिणींच्या खोलीला आतून कडी नव्हती, हे बावीस नगरसेवकांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. कडी मी बसवली, पण भांडली ती.

आणि घरी कुणीही आलं की एकच वाक्य, "आधी नंबर घ्या." तिचा सख्खा भाऊ एकदा दाढ धरून आला, त्यालाही तेच. तो दोन वर्षं आमच्याशी बोलला नाही. दाढ मात्र त्याने तिथेच काढून घेतली, एकोणचाळिसाव्या नंबरावर.

यंदा निवडणुकीला पाच आठवडे उरले होते. सकाळचे साडेआठ. ही पुढच्या खोलीत टेबलाशी बसून बायकांच्या स्वच्छतागृहाचा अर्ज लिहीत होती, मी बाहेर पडवीत रंधा मारत होतो. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला दारात येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, पडेल आवाजाचा माणूस. पाचही निवडणुकांत हिचे कागद त्याने घरोघरी वाटले होते, आणि त्याबद्दल कधी काही मागितलं नव्हतं.

"बाई, डाव्या खांद्यापासून कळ येतेय. कसंतरीच होतंय. दवाखान्यात एक फोन करता का?"

"आधी नंबर घ्या," ही म्हणाली. पेन थांबलं नाही, मान वर झाली नाही. "दुपारी मी येतेच आहे तिकडे."

"हो हो, ते बरोबरच आहे," तो म्हणाला, चूक जणू त्याचीच झाली होती.

बाहेर पडताना तो माझ्या अगदी जवळून गेला. थंडीचे दिवस, आणि त्याचा शर्ट पाठीला ओलागच्च चिकटलेला. मी म्हटलं, "काय हो, आज कपडे सोडून स्वतःवरच पाणी शिंपडलंत वाटतं?" तो हसला. ओठ पांढरे पडले होते त्याचे. ते मी पाहिलं. आणि मग पुन्हा फळीकडे वळलो.

त्याला चौऱ्याहत्तरावा नंबर मिळाला. सव्वादोन तास तो बाकावर बसून होता. शेजारी बसलेली बाई नंतर सांगत होती की तिने त्याला दोनदा म्हटलं, "अहो, पुढे जाऊन सांगा ना त्यांना." तर तो म्हणाला, "नको. बाईंचा नियम आहे. आपल्याच माणसांनी मोडला तर कसं व्हायचं?" कंपाउंडरने चौऱ्याहत्तर तीनदा पुकारला, आणि माणूस उठत नाही म्हटल्यावर पंचाहत्तर पुकारला. पंचाहत्तर नंबरवाला त्याच्या पायांवरून ओलांडून जायला लागला, तेव्हा कुठे कुणीतरी त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

ही दुपारी घरी आली ती चपला न काढता खुर्चीत बसली. "तो इथे आला होता," म्हणाली. "मी वर पाहिलंसुद्धा नाही."

"हे कुणाला माहीत आहे?" मी म्हटलं. "तुला आणि मला. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"त्याच्या बायकोला सांगायला हवं. सगळ्यांनाच सांगायला हवं."

"पाच आठवडे थांब, मग सांग. हात दाखवून अवलक्षण कशाला? तू पडलीस तर चिठ्ठ्या परत सुरू होतील, बघ."

"चिठ्ठी असती तर तो वाचला असता," ती म्हणाली.

पंचवीस वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून निघेल असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. नंबर सगळ्यांना सारखा, पण आजार सगळ्यांचा सारखा नसतो. एवढी साधी गोष्ट, आणि ती आम्हा दोघांना एक माणूस गेल्यावर कळली.

तिसऱ्या दिवशी आम्ही इस्त्रीवाल्याच्या घरी गेलो. त्याची बायको लोकांचे कपडे घड्या घालून ज्याचे त्याचे वेगळे करत बसली होती, कारण माणूस गेला तरी कपडे परत द्यावेच लागतात. ही तिच्यासमोर खाली बसली आणि काहीही आडपडदा न ठेवता सगळं सांगून मोकळी झाली.

"मला माहीत आहे," ती बाई म्हणाली. "बाकावर बसल्या बसल्या त्यांनी फोन केला होता मला. म्हणाले, बाई म्हणाल्या नंबर घ्या. मीही म्हटलं, बाई म्हणतायत तर बसा गुपचूप." तिने एक बाही सरळ केली. "तुम्ही लिहीत होतात म्हणाले. वर पाहिलं असतंत तर सोडलं नसतंत तुम्ही. तेवढं मला कळतं."

ही रडली. मी दाराशी मूग गिळून उभा होतो.

प्रचाराच्या पहिल्याच सभेत हिने तेच पुन्हा सांगितलं, माईकवरून, चार-पाचशे लोकांसमोर. नियम माझा, चूक माझी. पक्षाच्या अध्यक्षांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. विरोधकांना आयतंच कोलीत मिळालं. दुसऱ्या दिवशी भिंतीभिंतीवर चौऱ्याहत्तरचा आकडा रंगवलेला. पण त्याच आठवड्यात नगरपालिकेची शेवटची सभा होती, आणि तिथे हिने ठराव मांडला. नंबर देण्याआधी दारात एक सिस्टर बसेल. येणाऱ्या प्रत्येकाकडे पाहील, नाडी बघेल, रक्तदाब घेईल, आणि ज्याला थांबता येणार नाही त्याला थेट आत नेईल. भिंती रंगवून झाल्यावर विरोधकांना हात खाली ठेवायची सोय उरली नव्हती. ठराव एकमताने झाला.

निवडणुकीत ही एकशे ऐंशी मतांनी पडली. मला वाटलं होतं, खचेल. छे! चार दिवसांनी ती दवाखान्यात जाऊन सिस्टरची खुर्ची उन्हात आहे म्हणून भांडून आली, आता कसलाही अधिकार नसताना. जेवत होती, झोपत होती. कामात हात लागत नव्हता तो माझाच. एका आठवड्यात मी तीन फळ्या वाकड्या कापल्या.

"अहो, तुमचं काय चाललंय?" एका दुपारी तिने विचारलं.

"कुठे काय."

"त्या दिवशी तो जाताना तुम्ही काहीतरी बोललात आणि तो हसला. मी आतून ऐकलं होतं."

"मग इतके दिवस विचारलं नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले," ती म्हणाली, आणि ताटं उचलून आत गेली.

मी दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो. नवऱ्याच्या जागी आता ती बाई उभी राहून इस्त्री करत होती. "या मिस्त्री," म्हणाली. मी बसलो नाही, कारण बसलो असतो तर इकडचं तिकडचं बोलून उठलो असतो. ओला शर्ट, पांढरे ओठ, माझी थट्टा, त्याचं हसणं, सगळं जसं घडलं तसं सांगितलं. तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"ओठ पांढरे पडलेले तुम्हाला दिसले होते?"

"हो."

"बाईंनी पाहिलं नव्हतं, म्हणून मी त्यांच्यावर राग धरला नाही," ती म्हणाली. "तुम्ही पाहिलंत. आणि थट्टा केलीत."

"हो," मी म्हणालो.

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, आणि मी मान खाली घातली नाही.

"आता जा, मिस्त्री," शेवटी ती म्हणाली. "काही दिवस इकडे येऊ नका."

मी घरी आलो.