प्रोफेंचा सातवा डाव

रविवारी पावणेपाचला एवेलिओ प्रोफेंच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात निएवेस त्यांच्या जुनाट कॉम्प्युटरसमोर बसून मनातल्या मनात चरफडत होती. पाचला तिची लेक यामिला परदेशातून, कितोहून व्हिडिओवर येणार होती. बेकरीतून तिला सुट्टी आठवड्यात तेवढीच, आणि निएवेसला तिचा चेहरा दिसायचा तोही तेव्हाच.

पण प्रोफेंनी शाळेत तिला गणित शिकवलं होतं. त्यांना नाही म्हणणं तिला पंचावन्नाव्या वर्षीही जमत नव्हतं. महिन्यापूर्वी त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. घरी इंटरनेट नसलेलं अख्खं ओल्गीन शहर ज्या पार्कात वायफायसाठी बाकांवर दाटीवाटीने बसतं, तो पार्क त्यांच्या बाल्कनीखालीच होता, पण खाली उतरणं बंद झालं. रोसारिओ शहरातल्या एका गृहस्थाशी ते इंटरनेटवर बुद्धिबळ खेळत. पुढची चाल आज सहाच्या आत पोचली नाही तर डाव गेला. अकरा वर्षांत सहा डाव हरले होते. हा सातवा ते जिंकत होते.

"चाल सांगा ना, मी घरून पाठवते," ती म्हणाली.

"माझा घोडा मीच हलवणार."

"घोडा हलवा नाहीतर गाढव, पण घड्याळ बघा!"

पार्कातलं वायफाय वर खेचायला प्रोफेंच्या पुतण्याने मायामीहून धाडलेला डोंगल नवाकोरा होता, पण मशीन त्याला ओळख दाखवायला तयार नव्हतं. हा फक्त नव्या विंडोजवर चालेल, असं खोक्यावर बारीक अक्षरात छापलेलं. प्रोफेंचं विंडोज मिसरूड फुटलेल्या पोराएवढ्या वयाचं होतं.

"ह्याला ह्याच्या वयाचा जोडीदार लागतो, प्रोफे."

तसा एकच डोंगल तिला ठाऊक होता, तिच्या स्वतःच्या कॉम्प्युटरला लावलेला. ती घड्याळ बघून उठली. मग चार मजले उतरली, तीन घरं ओलांडली आणि तो उपटून आणला. दमट हवेपासून जपायला तांदळाच्या डब्यात ठेवलेली त्याची ड्रायव्हरची सीडी आणली. सकाळी दोन तास रांगेत उभं राहून घेतलेलं इंटरनेटचं एक तासाचं कार्डही आणलं. लांब वायरने डोंगल बाल्कनीत टांगला, मागे पातेल्याचं झाकण बांधलं आणि रेंज आली. पाच वाजून पाच मिनिटांनी कार्ड खरवडून तिने नंबर टाकला.

पट उघडला. प्रोफे पटाकडे बघत बसले.

"करा ना चाल!"

"थांब. उंटाचं काहीतरी राहतंय."

"महिनाभर काय केलंत मग?"

"महिनाभर घोड्याचाच विचार केला."

कार्डावरची मिनिटं गळत होती आणि तिकडे यामिला ताटकळत असणार. निएवेसला रडू येईल की काय असं वाटलं. पाच पंचेचाळीसला प्रोफेंनी शेवटी घोडाच हलवला.

"वीस मिनिटं उरलीत. पळ घरी, लेकीशी बोल," ते म्हणाले.

"आणि त्याचं उत्तर?"

"बघेन पुढच्या रविवारी." एवढं बोलून त्यांनी ऐटीत वायर ओढून डोंगल उपटला आणि तिच्या हातात ठेवला.

निएवेसने कपाळावर हात मारला. "प्रोफे! लॉग आउट कोण करणार?"

पार्कातल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. लॉग आउट न करता उठलं की कार्ड चालूच राहतं, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्यात शिरता येत नाही. प्रोफेंचा चेहरा पडला. तिने डोंगल परत लावला. मशीन अडकलं, बंद करून पुन्हा चालू करावं लागलं, आणि ते म्हातारं कण्हत कुंथत उठेपर्यंत दोन मिनिटं उरली. प्रोफेंकडे ना कॅमेरा ना माइक. पानही एकच उघडण्यापुरता वेळ होता: पट, नाहीतर यामिला.

प्रोफेंनी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. "लेकीला लिही."

यामिलाचे सात निरोप येऊन पडले होते. शेवटचा होता: 'आई, बरी आहेस ना?'

निएवेसने दोन बोटांनी टाइप केलं: 'मी बरी आहे. प्रोफे जिंकले.'

"कशावरून?" प्रोफे दचकले.

"मी लेकीशी खोटं बोलत नाही," ती म्हणाली. "तेव्हा आता जिंकायचं तुम्ही बघा."

कार्ड संपलं. डोंगल तिने आठवडाभर तिथेच टांगून ठेवला.