रिपोर्टचं दुसरं पान

मी एक कागद बोलतोय. तपासणीच्या रिपोर्टचं दुसरं पान. पहिलं पान सगळे वाचतात, माझ्याकडे कोण फिरकतंय!

लॅबच्या प्रिंटरमधून आम्ही दोघं गरमागरम बाहेर पडलो आणि एका पिनेत अडकलो. रक्त थोरलीचं होतं. तिची आई स्तनाच्या कर्करोगानं गेलेली. आईच्या जनुकात एक दोष सापडला होता. तो लेकींकडे उतरला असेल तर त्यांनाही मोठा धोका. थोरली हुबेहूब आईसारखी, धाकटी बापावर गेलेली. म्हणून घरानं परस्पर ठरवून टाकलं, दोष असलाच तर थोरलीत असणार. नाकडोळे बघून रक्तातलं ओळखणारी ही माणसं! मला तेव्हा हसू आलं होतं.

पहिल्या पानावर होतं, 'दोष आढळला नाही.' सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

"ताई, मी पण करून घेऊ का?" धाकटीनं विचारलं.

"तू कशाला सुया टोचून घेतेस? तू तर बाबांची झेरॉक्स!"

थोरलीचं दुकानच झेरॉक्सचं. तिनं पिन काढली, पहिलं पान लॅमिनेट करून आईच्या फोटोखाली लावलं. मी उरलो. मला धाकटीच्या कपाटाच्या खणात पालथं अंथरलं.

माझ्यावर लिहिलं होतं, 'हा निष्कर्ष फक्त या व्यक्तीपुरता आहे. सख्ख्या भावंडांची तपासणी स्वतंत्रपणे करावी.' ती ओळ सहा वर्षं फळीकडे तोंड करून पडली. वर धाकटी गुणगुणत कपड्यांच्या घड्या ठेवायची. मी ओरडणार कसा?

यंदा धाकटीच्या छातीत गाठ निघाली. कळेपर्यंत आजार हाडांत उतरला होता. डॉक्टरांनी हात टेकले. तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. कपडे फारच ढगळ व्हायला लागले, म्हणून काल थोरली खण आवरायला बसली. तिनं मला उलटवलं, ती ओळ वाचली आणि पुन्हा वाचली.

"काय सापडलं गं, ताई?" पलंगावरून धाकटी म्हणाली.

"काही नाही. जुना कागद."

"टाकू नकोस हं. परत अंथर. बरी झाले की नवे कपडे ठेवायचेत मला."

तुमच्या घरी असा रिपोर्ट आला, तर पान उलटून बघा हो. हात जोडायला मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते.

थोरलीनं पदरानं डोळे पुसले, माझ्या सुरकुत्या तळहातानं सारख्या केल्या आणि मला खणात अंथरलं. पुन्हा पालथंच.