मणेरणीनं धरलेला हात

वैशाखातल्या एका मंगळवारी जैबुन्निसा मणेरीण जुन्नरहून सकाळच्या एस.टी.नं निघाली, खैरगावच्या फाट्यावर उतरली आणि बांगड्यांची पाटी डोक्यावर घेऊन धर्माजी पाटलांच्या घराकडे चालू लागली. पाटलांच्या अंजनाचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. नवरीसकट घरच्या आणि भावकीतल्या सगळ्या बायकांना आज बांगड्या भरायच्या होत्या.

वीस वर्षं ती या गावात येत होती. आपण हात धरला नाही अशी एकही सवाशीण गावात नाही, असं ती कौतुकानं सांगायची. त्या सांगण्यात महारवाड्याची गणती कधी आलीच नव्हती आणि हे तिच्या स्वतःच्याही ध्यानात आलं नव्हतं. महारवाड्यातल्या बाईला बांगड्या हव्या असल्या तर मोजून जमिनीवर ठेवायच्या आणि मागं सरायचं, ही रीत तिला सासूनं पहिल्याच फेरीला शिकवली होती. तिला स्वतःलाही पाटलांच्या पडवीत कडेलाच जागा होती. तिच्या हातात आपले हात देणाऱ्या बायका तिला पाणी मात्र वरून, ओंजळीत ओतायच्या. धंदा म्हटला की हे आलंच, असं ती मानून चालली होती.

या लग्नात पाटलीणबाईंचा, म्हणजे कुशाबाईंचा, सगळा जीव बांगड्यांत अडकला होता. महिन्यापूर्वी आळे गावात नात्यातल्या एका लग्नात नवरीच्या हातात सोनेरी नक्षीच्या फिरोजाबादी बांगड्या त्यांनी पाहिल्या होत्या. परत येताना त्या जुन्नरला थांबल्या आणि जैबुन्निसाच्या नवऱ्याला, पीरमहंमदला, तसल्याच पण नक्षी जास्त रुंद असलेल्या बांगड्या आणायला सांगून गेल्या. तो पुण्याला दोन खेपा घालून त्या घेऊन आला होता.

पाटी उघडली आणि पडवीत एकच झुंबड उडाली. संक्रांतीला भरलेल्या बांगड्या बायकांच्या हातात अजून धड होत्या, पण सोनेरी नक्षी पाहिल्यावर त्या कुणाला हातात नकोशा झाल्या. कुणी तेल लावून उतरवल्या, आणि ज्यांना तेवढाही धीर नव्हता त्यांनी पायरीच्या दगडावर आपटून फोडल्या. एरवी बांगडी फुटली तर ‘फुटली’ म्हणायचंसुद्धा टाळणाऱ्या, ‘वाढवली’ म्हणणाऱ्या या बायका. आज हौसेपुढं त्यांना शकुन-अपशकुन आठवत नव्हता. जावेनं किती घेतल्या ते पाहून दुसरी दोन जास्त मागत होती. पायरीखाली काचेचा ढीग साचला. जैबुन्निसाला ते बघवत नव्हतं.

अंजनाचा उजवा हात भरून झाला तेवढ्यात लंकाबाई आली. लंकाबाई महारवाड्यातली. लग्नाच्या चुलाण्यांसाठी लाकडाच्या मोळ्या आणून टाकायचं काम आठ दिवस तिच्याकडं होतं. सोबत तिची सोळा वर्षांची लेक होती, बायडा. बायडाचं लग्न त्याच आठवड्यात, पाटलांच्या लग्नाआधी दोन दिवस होतं. अंगणाच्या कडेला मोळ्या टाकून मायलेकी लांबच उभ्या राहिल्या. लंकाबाईनं विचारलं, पोरीला चुडा मिळेल का, पैसे आणलेत. कसल्या हव्यात, असं जैबुन्निसानं विचारलं, तर बायडानं लाजत सोनेरी नक्षीच्या बांगड्यांकडं बोट केलं.

कुशाबाई हसल्या. “पाटलाच्या लेकीच्या हातात जे, तेच महाराच्या पोरीच्या हातात? मंग बघनाऱ्यानं वळखायचं कसं? साध्या दे तिला, जैबू.”

जैबुन्निसानं साध्या हिरव्या बांगड्या मोजल्या, अंगणाच्या कडेला जमिनीवर ठेवल्या आणि मागं सरली. बायडा उकिडवी बसून एकेक चढवू लागली. मोळ्या वाहून तिचे हात राठ झालेले. तिसरी बांगडी सांध्यावर अडकली, तिनं जोर केला आणि ती फुटली. काच अंगठ्याच्या बुडात घुसली, रक्ताची धार लागली. लग्नाच्या तोंडावर लेकीच्या हातातला चुडा फुटलेला पाहून लंकाबाई घाईघाईनं तुकडे वेचू लागली.

पडवीतून कुणीतरी म्हणालं, “आंगनात रगत सांडलं तिचं. शेण टाका गं त्यावर.”

शेण टाका म्हणणारी कुशाबाईंची चुलतजाऊ मघाशी जैबुन्निसाच्याच गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. तिचे मऊ हात अजून जैबुन्निसाच्या बोटांना जाणवत होते. त्या बोटांचीच तिला किळस आली. एवढी वर्षं आपणही बांगड्या ठेवून मागं सरत होतो, त्या वेळी काय वेगळं करत होतो? कितीजणींच्या हातात अशी काच घुसली असेल आणि आपण पाठ फिरवून पुढच्या घरी गेलो असू?

ती उठली. अंगणाच्या कडेला जाऊन बायडासमोर बसली, तिचा हात आपल्या हातात घेतला. पोरगी दचकली, हात मागं ओढू लागली. जैबुन्निसानं तो सोडला नाही. काच काढली, पदरानं रक्त पुसलं, पदराचीच चिंधी फाडून बांधली. मग पाटी तिथंच ओढून घेतली आणि सोनेरी नक्षीच्या बांगड्या तिच्या दोन्ही हातांत भरल्या. एकही फुटली नाही.

अंजनाचा डावा हात मोकळाच होता. कुशाबाईंनी आधी जैबुन्निसाला तोंडाला येईल ते ऐकवलं. धर्माजी पाटील बाहेर आले, तेही तापले. पण थोड्या वेळानं कुशाबाईंची नजर पुन्हा पाटीकडं गेली. नवरीचा एक हात रिकामा आणि सगळी भावकी समोर बसलेली. दुसरी मणेरीण बोलावली तरी तिच्याकडं या बांगड्या नव्हत्या. नवराबायको आत जाऊन काही बोलले आणि बाहेर आल्यावर कुशाबाईंचा आवाज एकदम खाली आला होता. त्या म्हणाल्या, झालं ते झालं. जैबूनं हात धुवावेत, वर गोमूत्र शिंपडू, त्या पोरीच्या हातातल्या बांगड्या उतरवू आणि राहिलेला हात भरून घेऊ. बाहेर कुणी काही बोलायचं नाही.

ते ऐकून जैबुन्निसाला शिव्यांपेक्षा जास्त शिसारी आली. नक्षी हवी होती म्हणून विटाळ एका तांब्यात धुऊन निघत होता. मग तो होता तरी कुठं?

“हात धुवायला लागावं असं काय केलं न्हाई मी,” ती म्हणाली. “आन तिच्या हातातली एकबी बांगडी उतरनार न्हाई.”

धर्माजी म्हणाले, “शिवाशीव बंद केल्याचा सरकारचा कायदा जुन्नरच्या कचेरीत. हितं मी सांगीन ते. बारा गावं बंद करीन तुला.”

“करा, पाटील.”

तिनं अंजनाच्या डाव्या हाताच्या बांगड्या मोजल्या आणि पडवीच्या कडेला ठेवल्या. “घ्या पाटलीणबाई, तुमच्या हातानं भरा,” म्हणाली आणि पाटी उचलून मायलेकींबरोबर बाहेर पडली. मागाहून कळलं, त्यातल्या निम्म्या भरतानाच फुटल्या आणि उरलेल्या घालून अंजना बोहल्यावर उभी राहिली.

बायडा सोनेरी बांगड्या घालूनच सासरी गेली. पण लंकाबाईच्या मोळ्या पाटलांनी दुसऱ्या दिवशीच बंद केल्या. धर्माजींनी बोललेलंही खरं केलं. खैरगावात आणि आसपास नारायणगावची मणेरीण येऊ लागली. पीरमहंमद तीन दिवस बायकोशी बोलला नाही. चौथ्या दिवशी त्यानं विचारलं, हे सगळं कशासाठी केलंस. जैबुन्निसानं त्याला त्या पोरीच्या हाताबद्दल सांगितलं, शेणाबद्दल सांगितलं. तो उठला आणि गोदामातून साध्या हिरव्या बांगड्यांच्या माळा काढून तिच्या पाटीत भरू लागला.

पुढच्या आठवड्यात ती पाटलांच्या बंदीबाहेरच्या मढ गावी गेली. एस.टी.तून उतरल्यावर थेट महारवाड्यात शिरली आणि पहिल्याच घरी, झुंबरबाईच्या दारात बसली. झुंबरबाई सत्तरीची, नवरा आजारी पण हयात. जैबुन्निसानं आधी प्यायला पाणी मागितलं. म्हातारी गोंधळली. मग तिनं तांब्या लांबून पुढं सरकवला. जैबुन्निसा तो तोंडाला लावून पाणी प्यायली आणि तिनं म्हातारीचा हात हातात घेतला.

“हात सैल सोडा, आजी.”

म्हातारीला ते जमेना. जैबुन्निसानं तिचा अंगठा तळव्यात दाबायला घेतला की तिची बोटं ताठ व्हायची, मूठ आवळायची.

“आजवर कुनी धरलाच न्हाई, बाई,” झुंबरबाई म्हणाली. “सोडायचा कसा, तेच ठावं न्हाई.”

जैबुन्निसानं बांगडी खाली ठेवली. घाई केली नाही. तो हात तसाच दोन्ही हातांत धरून, मूठ उलगडायची वाट पाहत बसून राहिली.