गोल बुडाचा बुधला

मित्रांनो, टेकूशिवाय मला धड उभेही राहता येत नाही. मी तेलाचा एक जुना बुधला आहे. माझे बूड अंड्यासारखे गोल आणि तोंड इतके अरुंद, की मोठ्या माणसाचा हात आत जात नाही. स्पेनमधल्या एका कुंभाराने मला घडवले, भाजले, ऑलिव्हचे तेल भरून जहाजावर चढवले. समुद्रावर गडगडत मी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर, सान आगुस्तीनला उतरलो आणि बाल्तासार नावाच्या शिपायाच्या घरी आलो.

बाल्तासारची बायको मेन्सिया इथल्याच मातीतली, खाडीपलीकडच्या तिमुकुआ लोकांच्या गावची. त्यांची आठ वर्षांची लेक लेओकादिया. तेल संपल्यावर मला घासण्याचे काम तिच्याकडे आले, कारण तिचाच हात माझ्या पोटात जायचा. राख घेऊन ती घासायला बसायची, पण तळापर्यंत पोहोचली की कंटाळायची आणि कोणी हाक मारली की पळायची.

"तळ तसाच चिकट ठेवलास ना, आळशे?" मेन्सिया ओरडायची.

"आई, तळ कोण बघतंय?"

खरे सांगतो, तो राखेने माखलेला इवलासा हात मला फार आवडायचा.

मेन्सियाने माझ्यात मक्याचे बियाणे भरले. बाल्तासार नाक मुरडायचा. "आमच्याकडे गहू खातात माणसं."

"खा की. उगवला म्हणजे खा," मेन्सिया म्हणायची.

दोन वर्षे त्याने त्या वाळूत गहू पेरला आणि दोन्ही वर्षे हाती नुसते काड आले. तिसऱ्या वर्षी रसदीचे जहाजही आले नाही. लोक शिंपले आणि ताडाची फळे खाऊन दिवस काढू लागले. तरीही मेन्सियाने माझ्या तोंडावरचे मातीचे लिंपण कोणाला फोडू दिले नाही. घराचे पुढच्या वर्षीचे अन्न माझ्या पोटात होते.

पेरणीच्या तोंडावर ती आजारी बहिणीला बघायला माहेरी गेली. "आल्यावर पेरू," असे बजावून गेली. पण बाल्तासारला वाटले, दोन वर्षे टोमणे ऐकले, आता बायको येण्याआधी पेरून तिला चकित करावे. त्याने लिंपण फोडले, शेतात नेऊन मला पालथे केले आणि गहू फेकतात तसा मका मूठमूठ फेकत निघाला. लेओकादिया मागे धावत होती.

"बाबा, आई खड्डे करते! खोल पुरते!"

"शेतकऱ्याच्या पोराला पेरणी शिकवतेस होय गं, चिमणे? वरून एक फांदी ओढली की झालं."

फांदी ओढली, पण मक्याचे टपोरे दाणे वरच राहिले. दुपारपासून कावळे उतरले. बापलेकीने दगड मारले, ओरडून घसा बसवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत शेतात एक दाणा उरला नाही.

मेन्सिया परतली तेव्हा बाल्तासार बांधावर मान खाली घालून बसला होता.

"सगळं?" तिने विचारले.

"सगळं."

ती ओरडली असती तर बरे झाले असते. ती नुसती खाली बसली. लेओकादिया मला मिठी मारून रडू लागली आणि रडता रडता एकदम थांबली.

"आई! मी तळ घासलाच नव्हता!"

तिने हात आत घातला. मधल्या काळात तो वाढला होता; कोपराजवळचे कातडे सोलले गेले, पण तिने तो रेटला. जुन्या तेलाच्या चिकट थरात दाणे रुतून बसले होते. नखांनी खरवडून तिने एकेक बाहेर काढला. त्रेपन्न निघाले.

मेन्सियाने ते ओंजळीत घेतले आणि रडतच हसली. "देवा, या पोरीच्या आळसाला पावलास रे!"

या वेळी खड्डे बाल्तासारने केले, बायको सांगेल तसे.

"एकात किती टाकू?"

"तीन. आणि तोंड बंद."

पुढचे तीन महिने लेओकादिया शेतातल्या मचाणावर बसून कावळ्यांना शिव्या घालत होती. कणसे निघाली. पहिली भाकरी खाऊन बाल्तासार म्हणाला, "अजून एक वाढ." मेन्सियाने दोन वाढल्या. उरलेले दाणे माझ्या पोटात गेले.

आता माझ्या गळ्याला चीर गेली आहे. शेजारीपाजारी म्हणतात, फोडून घराच्या पायात भरा. पण लेओकादिया मला हलवू देत नाही. तिचा हात आता आत जात नाही. तिची लेक मला घासते. रोज तिला दहा कामे नीट करायला सांगणारी ही आई, त्या वेळी मात्र म्हणते, "तळ राहू दे गं."

मित्रांनो, जुने भांडे फेकण्याआधी आणि चुकलेल्या माणसाला टाकून बोलण्याआधी, एकदा तळापर्यंत हात घालून बघा. माझ्या तळाशी याही वर्षी थोडे दाणे आहेत.