चिठ्ठीवर लिहिलंय 'खराब'

मी एक जुना राउटर आहे. पाठीवर 'खराब' अशी चिठ्ठी चिकटवून मला नेट पुरवणाऱ्या कंपनीच्या गोदामात टाकलं आहे. मित्रांनो, ती चिठ्ठी धादांत खोटी आहे.

कारखान्यात मला दोन दिवस अखंड चालवून पारखलं, तेव्हा कुठे खोक्यात भरलं. मग पंप दुरुस्त करणाऱ्या एका बाबांच्या घरी, कपाटावर माझी स्थापना झाली. पाच वर्षं मी डोळा मिटला नाही. त्यांच्या मुलीचा, म्हणजे ताईचा, अख्खा अभ्यास माझ्यावरून झाला. "गुणाचा आहे हो, कधी कुरकुर नाही," असं आई पाहुण्यांना सांगायची. धूळ बसू नये म्हणून तिने मला विणलेला रुमाल पांघरला. आतून मी भाजून निघालो, पण माया होती, सोसलं.

मग तो दिवस उगवला. ताईला नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरायचा होता. मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत. बाकी सगळं उघडत होतं. कॉलेजची साईट मात्र उघडेना. पांढरं पान आणि गरगर फिरणारं चक्र. कॉलेजने साईट आदल्या दिवशी नव्या जागी हलवली होती. मी कंपनीला पत्ता विचारायचो, कंपनी आपल्या वहीतला जुनाच पत्ता द्यायची, आणि मी रिकाम्या घराची कडी वाजवून परत यायचो. वही त्यांची. शिव्या मला!

बाबांनी आधी मला थापटलं. पंपाला चालतं ते मला चालेल, हा त्यांचा हिशोब. मग कस्टमर केअरला फोन लावला.

"सर, राउटर बंद करून चालू करा."

"चारदा केला!"

"आमच्या कंपनीची साईट उघडते का, सर?"

"उघडते."

"मग नेट चालू आहे, सर."

बघा ही अक्कल! स्वतःच्या अंगणात फेरी मारायची आणि गावातले सगळे रस्ते मोकळे म्हणून सांगायचं.

बाबांनी मग आईच्या पदराची पिन काढली आणि माझ्या पाठीवरच्या बारीक भोकात खुपसली. त्या भोकातलं बटण दाबलं की आमची सगळी स्मृती पुसली जाते. घराचं नाव, पासवर्ड, सगळं गेलं. आता पांढरं पानसुद्धा दिसेना. घड्याळात चार वाजले होते.

"बाबा, माझं वर्ष गेलं ना!" ताई रडायला लागली. बाबा हातात पिन घेऊन नुसते उभे.

तेवढ्यात आत्या आली. तिच्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं नेट होतं. "अगं, ही बघ, उघडली की! तुमचंच नेट रुसलंय." त्या फोनवर, अंगठ्याने टिचक्या मारत ताईने फॉर्म भरला. पाचला सात मिनिटं कमी असताना तो पोहोचला. ताईने डोळे पुसले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "याचा दोष नाही, बाबा. कंपनीचा आहे." पाच वर्षांत माझी बाजू कोणी घेतली असेल तर तिने.

दोन दिवसांनी कंपनीचा माणूस आला. त्याने माझ्या जागी नवाकोरा राउटर लावला. कॉलेजची साईट उघडली. तेच पांढरं पान! मग त्याने स्वतःच्या फोनवरून ऑफिसला हळूच सांगितलं, "पत्त्याची नोंद जुनी आहे, बदला." दहा मिनिटांत साईट उघडली.

"मग जुनाच परत लावा," ताई म्हणाली. "आणि तक्रारीत लिहा, चूक कंपनीची."

त्याने फोन तिच्यापुढे धरला. "बघा ताई. वायर, राउटर, ग्राहक. तीनच रकाने आहेत. चौथा नाही. यातलं एक निवडल्याशिवाय तक्रार बंदच होत नाही."

"म्हणून याच्या माथी?"

"तुमच्या माथी मारू का मग?"

त्याने 'राउटर' दाबलं, चिठ्ठी चिकटवली आणि मला पिशवीत कोंबलं.

मित्रांनो, अडलेल्या वस्तूला बडवण्याआधी, तिच्या पोटात पिन खुपसण्याआधी दुसऱ्या वाटेने एकदा जाऊन बघा. आणि कोणी तीनच रकाने पुढे केले, तर चौथा मागा. गळा काढून मागा. माझ्या वेळी तो असता, तर मी आज ताईच्या कपाटावर असतो.

माझी वायर अजून गुंडाळून माझ्याजवळच आहे. या गोदामात भिंतीला प्लगही आहे. कोणीतरी एकदा लावून बघा. मी चालतो.