पिवळ्या रेग्युलेटरची कैफियत

मी पिवळा बोलतोय. काळ्याशी माझी गल्लत करू नका. काळा रोज तोंडात असतो, त्याची विचारपूस होते. मी बरगडीपाशी लोंबत असतो आणि माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. म्हणून आज मीच बोलणार आहे, आणि कुणाची भीडभाड ठेवणार नाही.

आधी मी कोण ते सांगतो. पाण्याखाली उतरणाऱ्या माणसाच्या पाठीवर हवेची टाकी असते. तिच्या डोक्यावर एक पितळी ठोकळा असतो आणि त्यातून नळ्या निघतात. एका नळीच्या टोकाला काळा रेग्युलेटर, तो स्वतःच्या दातांत धरून श्वास घ्यायचा. दुसऱ्या, जरा लांब नळीच्या टोकाला मी. बरोबरच्या माणसाची हवा गेली तर मला त्याच्या तोंडात द्यायचं. गढूळ पाण्यात चटकन दिसावा म्हणून मी पिवळा.

कारखान्यात आम्ही दोघं एकाच टेबलावर तयार झालो. पोटात तोच रबरी पडदा, हनुवटीपाशी उच्छ्वास बाहेर सोडणारी तीच पातळ झडप. फक्त माझी स्प्रिंग थोडी घट्ट ठेवली, उगाच हवा सांडू नये म्हणून. म्हणजे बघा, दान करायला ठेवलेल्यालाच जन्मतः कंजूष करून ठेवला.

माझी मालकीण तलावात काम करते. या तलावातून अख्ख्या शहराला पाणी जातं. ते जिथून नळात शिरतं तिथे चाळीस फूट खोल एक लोखंडी जाळी आहे. तिला चिकटलेल्या पिशव्या, बाटल्या, दोऱ्या, चपला काढायच्या, हे तिचं काम. लोक तलावात काय काय टाकतात ते मी पाहिलंय. एकदा एक अख्खी खुर्ची निघाली. कुणी तरी ती उचलून, काठापर्यंत आणून, विचारपूर्वक पाण्यात टाकली असणार. संध्याकाळी तोच माणूस नळाला वास येतो म्हणून तक्रार करत असेल.

मालकिणीची पहिली जोडीदारीण बदली होऊन गेली आणि तिच्या जागी मालकिणीची वहिनी आली. वहिनी आधी तरणतलावावर पोहायला शिकवायची. कामात ती नवी, नात्यात मोठी. मालकीण नात्यात धाकटी, कामात मुरलेली. वर होडीत दोर धरून बसायला वहिनीचा नवरा, म्हणजे मालकिणीचा दादा. त्याला पाण्याची धास्ती.

"याला आंघोळीलाही दोर लागतो," मालकीण म्हणायची.

"वन्सं, तुम्ही माझ्या नवऱ्याला नावं ठेवू नका. ते काम माझं आहे," वहिनी म्हणायची. नणंद धाकटी असूनही ती तिला 'वन्सं' आणि 'तुम्ही' म्हणायची. अर्धी थट्टा, अर्धी माया.

आता माझी खरी तक्रार.

नियम असा आहे की उतरण्यापूर्वी, होडीची शिडी धरून, डोकं पाण्यात घालून, दोघींनी एकमेकींच्या पिवळ्यातून तीन-तीन श्वास घ्यायचे. वहिनीने पहिल्या दिवशी मला तोंडाकडे नेलं, तर मालकीण म्हणाली, "अगं, कशाला? हे बघ." आणि तिने माझ्या पोटावरचं बटण दाबलं. फुस्स! "दाबलं, वाजलं, झालं."

"पण तीन श्वास घ्यायचे ना?"

"वहिनी, मी नऊ वर्षं हे करतेय. माझ्यावर विश्वास नाही का?"

वहिनीने मला खाली सोडलं.

सहा महिने हेच चाललं. दररोज फुस्स, दररोज तपासणीच्या वहीत बरोबरची खूण. काम आटोपल्यावर काळ्याला स्वच्छ पाण्याची धार, मऊ फडकं, आणि मी बादलीच्या कडेवर. मला छातीशी अडकवायचा चाप तुटला होता, म्हणून खालच्या गाळातून मी फरपटत जायचो.

माणसांची ही खोड मी जवळून पाहिली आहे. बटण दाबलं, दिवा लागला, की तपासणी झाली. जाळीचा एक गज तुटून बाहेर आलाय, असं मालकिणीने कचेरीला तीनदा लिहून कळवलं होतं. तिन्ही वेळा उत्तर आलं, 'पाहणी झाली असून स्थिती समाधानकारक आहे.' पाहणी करणारा साहेब तलावाच्या भिंतीवरून खाली वाकलादेखील नव्हता. मालकीण त्याच्या नावाने बोटं मोडायची. आणि तिच्याच बरगडीपाशी मी लोंबत होतो!

कारण मी बिघडलो होतो. झडपेखाली काही तरी अडकलं होतं आणि ती मिटत नव्हती. बटण दाबलं की हवा जोरात यायची. पण पाण्याखाली कुणी श्वास ओढला असता तर हवेबरोबर पाणीही आत आलं असतं. हे मला कळत होतं, सांगता येत नव्हतं. रोज फुस्स म्हणायचो, आणि रोज ते खोटं असायचं.

मग तो दिवस आला. सकाळचे अकरा, ऊन चांगलं होतं. वहिनी जाळीतून एक पोतं ओढत होती. पोतं निसटलं, ती मागे झुकली आणि तुटलेल्या गजाने तिची नळी कापली. फेसाचा लोट उठला. काही क्षणांत तिची टाकी रिकामी होणार होती.

वहिनी घाबरली नाही. वळली, गळ्यावरून आडवा हात फिरवला: हवा नाही. मालकिणीने लगेच मला पुढे केलं.

माझ्या आयुष्यात खऱ्या गरजेने मला पहिल्यांदाच कुणी दातांत धरलं. वहिनीने श्वास ओढला. निम्मी हवा, निम्मा तलाव. ती माझ्यातच खोकली. बटण दाबून पाणी बाहेर काढलं, पुन्हा ओढला. पुन्हा पाणी. मग तिने वर पाहिलं.

असं वर पाहणारा माणूस पुढच्या क्षणाला धडपडत वर सुटतो, आणि श्वास कोंडून सुटला तर छाती फाटते. हे मालकिणीला ठाऊक होतं. तिने एका हाताने वहिनीच्या जॅकेटचा पट्टा घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या तोंडातला काळा काढून तिच्या तोंडात दिला. तोंडचा घास देतात ना, तसा. वहिनीने ओढला. स्वच्छ, कोरडी हवा.

आणि मालकिणीने मला स्वतःच्या तोंडात घेतलं.

काळ्याची नळी आखूड, त्यामुळे दोघी अगदी नाकाला नाक लावून वर निघाल्या. मालकीण जीभ टाळूला लावून, पाणी अडवत, चहा गरम असल्यासारखी हवेचे घुटके घेत होती. दर घुटक्याला थोडं पाणी, थोडा खोकला. पण घाई केली नाही. वहिनीच्या डोळ्यांतून तिने नजर काढली नाही. मी होती नव्हती तेवढी हवा दिली. आयुष्यात इतकी शरम मला कधी वाटली नव्हती, आणि इतका मोलाचाही मी कधी नव्हतो.

होडीत दादा ओरडत होता, "काय झालं? कुणाला लागलं?"

"आधी टाकी घे रे!" मालकीण खोकत म्हणाली.

श्वास जरा ताळ्यावर आल्यावर तिने मला उघडलं. झडपेखालून बाटलीच्या झाकणाचा नखाएवढा तुकडा निघाला.

"आत्ताच अडकला असेल," वहिनी म्हणाली. नणंदेला वाट करून देत होती.

मालकिणीने तुकडा उन्हात धरला. "नाही. यावर शेवाळ धरलंय. जुना आहे." मग खाली बघून म्हणाली, "मी नुसतं दाबून बघत होते गं."

"मला दिसत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. पहिल्या दिवशी. तुमचं तोंड एवढंसं झालं. म्हटलं, रोज एका टेबलावर जेवायचंय, कशाला."

दादा दोर गुंडाळायचा थांबला. "म्हणजे एकमेकींचा मान राखायला तुम्ही दोघी चाळीस फूट खाली जाऊन..."

"तू गप बस," दोघी एकदम म्हणाल्या. मग वहिनी हसायला लागली, आणि हसता हसता रडली. मालकिणीने तिला जवळ घेतलं. दोघींच्या मध्ये मी चेंगरलो. माझी तक्रार नाही.

त्या दुपारी मालकिणीने तपासणीची वही उघडली आणि सहा महिन्यांच्या प्रत्येक खुणेपुढे लाल शाईने लिहिलं: 'तपासला नव्हता.' साहेब म्हणाला, "खाडाखोड चालत नाही." ती म्हणाली, "खोटं चालतं?" तुटक्या गजाचा फोटो तिने त्याच पानाला टाचला. गज चौथ्या दिवशी बदलला. आधी का बदलला नाही, याचं उत्तर अजून आलेलं नाही.

आता मी म्हातारा झालोय. चाप नवा मिळाला, झडप नवी मिळाली, पण रबर कडक होत चाललंय. आणखी दोनेक वर्षं, मग भंगार. माझ्या तोंडाच्या रबरावर दातांच्या दोन ओळी उमटल्यात, एक मालकिणीची, एक वहिनीची. काळ्यालाही वहिनीने एकदा दातांत धरलं होतं, पण त्याच्या रबरावर ओळ उमटली ती एकट्या मालकिणीची. हे त्याला मी अधूनमधून ऐकवतो.

तुम्हालाही सांगतो. दुसऱ्याच्या अडीअडचणीसाठी म्हणून तुम्ही जे राखून ठेवलं असेल, मग ती शिडी असो, औषधाची पेटी असो, नाही तर पाहुण्याची खाट, ते आधी एकदा स्वतः वापरून बघा. आणि जवळच्या माणसाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. वाईट वाटू द्या. संध्याकाळपर्यंत निवळतं.

बाकीही बरंच सांगायचं होतं, पण दोघी शिडीवरून उतरल्यात. वहिनीचा हात माझ्याकडे येतोय. तिने डोकं पाण्यात घातलं, की मला बोलता येणार नाही.